जवळच्या माणसांसाठी भेटवस्तू कशी निवडावी?

आतापर्यंत घरातल्या मोठ्यांनी आणलेल्या भेटीवर फक्त तुमचं नाव लिहिलं जात होतं. आता तुम्ही कमावता, वेगळे राहता, आणि आईचा वाढदिवस, मित्राचं नवं घर, मोठ्या बहिणीचं बाळ, काकांची निवृत्ती या सगळ्यांसाठी काय द्यायचं ते तुम्हालाच ठरवायचं आहे. आदल्या दिवशी दुकानात जाऊन समोर दिसेल ते उचलायचं, अशी वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. भेट निवडताना आपल्या डोळ्यांसमोर तो एक क्षण असतो: कागद फाडला जातोय, चेहरा खुलतोय, आजूबाजूचे लोक वा वा म्हणताहेत. घेणाऱ्याला मात्र ती वस्तू पुढचे महिने, वर्षं सांभाळायची, वापरायची असते. जेफ गॅलक, ज्युलियन गिव्ही आणि एलनॉर विल्यम्स या संशोधकांनी 2016 मध्ये भेटवस्तूंवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. देणारा देण्याच्या क्षणाकडे बघतो आणि घेणारा त्यानंतरच्या वापराकडे, दोघांमधली बरीचशी तफावत इथूनच येते, असं त्यांनी मांडलं. म्हणून कुठलीही वस्तू हातात घेतलीत की स्वतःला विचारा: दोन महिन्यांनी, एखाद्या साध्या मंगळवारी, ही वस्तू त्यांच्या घरात कुठे असेल? उत्तर ‘कपाटावरच्या खोक्यात’ असं आलं, तर ती खाली ठेवा.

पायरी 1: वर्षभर कान उघडे ठेवा

खरं काम खरेदीच्या दिवशी होत नाही, ते आधीच होऊन गेलेलं असतं. फोनमध्ये एक नोंद उघडा आणि जवळच्या प्रत्येक माणसाच्या नावाखाली जे जे कानावर पडेल ते लिहीत जा. माणसं आपल्या गरजा तक्रारीच्या रूपात बोलतात. ‘या पिशवीचा बंद सारखा निसटतो’, ‘रात्री वाचायला बसलं की दिव्याचा उजेड नीट पडत नाही’, ‘माझी चांगली कात्री कोण नेतं कोणास ठाऊक’. यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे एक भेट आहे, फक्त कुणीतरी ते लक्षात ठेवायला हवं.

बोलण्याबरोबर हातांकडेही बघा. दुकानात कोणती वस्तू उचलून, उलटसुलट करून, किंमत बघून परत ठेवली? इतरांकडून काय वारंवार मागून घेतलं जातं? कुठल्या वस्तूला चिकटपट्टी लावून काम चालवलं आहे? कुठल्या विषयावर बोलताना आवाज बदलतो? स्वतःसाठी खर्च करायला कचरणारी माणसं वर्षानुवर्षं तुटक्या वस्तूवर भागवतात. त्या वस्तूची चांगली, टिकाऊ आवृत्ती मिळाली की त्यांना होणारा आनंद फार खोल असतो.

त्याच नोंदीत मापं लिहून ठेवा: कपड्यांचं, बुटांचं, अंगठीचं. (अंगठीचं माप हवं असेल तर त्या व्यक्तीची त्याच बोटात बसणारी अंगठी सोनाराला दाखवणं सर्वांत सोपं. दोन हातांच्या त्याच बोटांचं मापही वेगळं असू शकतं.) आवडते रंग, न चालणारे वास, धातूची किंवा लोकरीची अ‍ॅलर्जी, डावखुरेपणा, हेही लिहा. आणि त्यांच्याकडे आधीपासून काय काय आहे, ते नक्की लिहा. ज्याला चित्रं काढायला आवडतात त्याच्याकडे रंगपेट्या आधीच भरपूर असतात. छंदाशी संबंधित काहीतरी द्यायचं म्हणून सर्वांत पहिली सुचणारी वस्तू ही बहुतेक वेळा त्यांच्याकडे असतेच. छंद असलेल्या माणसाला मुख्य साधनापेक्षा सतत संपणारं सामान जास्त उपयोगी पडतं: चांगला कागद, दोरा, तारा, शाई. मात्र ते नेमके कोणतं वापरतात ते बघून घ्या.

पायरी 2: विचारायला संकोचू नका

विचारलं तर गंमत जाते, असं आपल्याला वाटतं. मला तसं वाटत नाही. हवी असलेली वस्तू मिळणं हाच मोठा आनंद आहे, आणि कोणी यादी दिली असेल तर ती पाळणं हा त्या माणसाच्या शब्दाचा मान आहे. यादी बाजूला सारून ‘मी काहीतरी वेगळं आणतो’ म्हणण्यात आपली हौस जास्त असते, त्यांची कमी.

विचारण्याची पद्धत मात्र महत्त्वाची. ‘तुला काय हवं?’ याचं उत्तर नेहमी एकच येतं: ‘काही नको गं, सगळं आहे.’ त्याऐवजी नेमकं विचारा. ‘रोजच्या वापरातली कुठली गोष्ट सध्या वैताग देते?’ किंवा ‘या दोनांतलं तुला कुठलं बरं वाटतं?’ दोन पर्याय समोर आले की माणसं मोकळेपणी बोलतात. थेट विचारणं शक्य नसेल तर त्यांच्या जोडीदाराला, खोलीत सोबत राहणाऱ्याला, रोज सोबत प्रवास करणाऱ्याला विचारा. आईबद्दल मावशीला जे ठाऊक असतं ते बरेचदा आपल्याला नसतं.

जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने 1993 मध्ये विद्यार्थ्यांना विचारून एक हिशेब मांडला होता. मिळालेल्या भेटींची त्यांच्या लेखी किंमत ही प्रत्यक्ष खर्चापेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरली. त्याच अभ्यासात मित्रांनी आणि जोडीदारांनी दिलेल्या भेटी लांबच्या नातेवाइकांच्या भेटींपेक्षा अधिक नेमक्या निघाल्या. ज्याची रोजची ओळख आहे, त्याचा अंदाज कमी चुकतो. म्हणजे लांबच्या माणसासाठी विचारणं अधिकच गरजेचं, आणि विचारणं अवघड असेल तिथे गिफ्ट कार्ड किंवा रोख रक्कम देण्यात काहीही कोरडेपणा नाही. सोबत चार ओळी लिहा, म्हणजे ते पाकीट तुमचं होतं.

पायरी 3: आकडा आधी ठरवा

दुकानात किंवा अ‍ॅपवर शिरण्याआधी बजेट ठरवा, आणि त्यात बांधणी आणि पाठवणीचा खर्चही धरा. वस्तू बघून आकडा ठरवायला गेलात तर तो वरच सरकत जातो.

फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देणाऱ्यांना वाटत होतं की भेट जितकी महाग तितकं तिचं कौतुक जास्त. घेणाऱ्यांच्या बाजूने मात्र किमतीचा आणि कौतुकाचा तसा संबंध दिसला नाही. जवळच्या माणसाला महागडी वस्तू द्यायचीच असेल तर जरूर द्या, पण न परवडणारी भेट देऊन प्रेम सिद्ध करण्याची गरज नाही.

महाग भेटीला आणखी एक बाजू आहे. देणं, स्वीकारणं आणि परत देणं ही तीन बंधनं भेटीत गुंफलेली असतात, असं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी 1925 च्या सुमारास लिहिलं. ज्याची आर्थिक परिस्थिती सध्या ओढाताणीची आहे अशा मित्राला फार महागडी वस्तू दिलीत, तर पुढच्या वेळी त्याला तुमच्याकडे यायचंच अवघड वाटू शकतं. त्याला देता येईल अशा पातळीवर राहणं, ही त्याची काळजीच आहे.

मोठी वस्तू सर्वांनी मिळून द्यायची असेल तर एकाने सूत्रं हातात घ्यावीत, किती वर्गणी कोणी दिली ते कोणाला कळू नये, आणि कार्डावर सगळ्यांची नावं सारखीच यावीत.

पायरी 4: माणूस बघा, मग वस्तू

घरातली वडीलधारी माणसं. आजी-आजोबांच्या वयाला घरात वस्तू वाढलेल्या नको असतात. असलेल्याच आवरायच्या असतात. त्यांच्या रोजच्या दिवसात कुठे अडतं ते बघा. साधारण चाळिशीनंतर जवळचं बघायला त्रास होऊ लागतो आणि तो वयानुसार वाढतो, त्यामुळे मोठ्या अक्षरांची पुस्तकं, मोठ्या आकड्यांचं घड्याळ, हलवता येणारा वाचनाचा दिवा यांना खरा उपयोग असतो. बोटांत ताकद कमी असेल तर घट्ट झाकणं, बारीक बटणं, लहान हूक टाळा. नवं यंत्र द्यायचं असेल तर ते सुरू करून देणं, शिकवणं आणि पुढे अडलं की फोन उचलणं, हे सगळं भेटीचाच भाग समजा. तेवढा वेळ नसेल तर यंत्र देऊ नका.

या वयाच्या माणसांसाठी माझी सर्वांत आवडती भेट म्हणजे जुन्या फोटोंचा नीट लावलेला संग्रह. त्याला पैसे कमी आणि कष्ट जास्त लागतात, आणि ते कष्ट दिसतात. घरोघरी विखुरलेले फोटो गोळा करा, स्कॅन करा, चांगले निवडून छापा. छपाई स्वच्छ यायला इंचाला 300 ठिपके हा सर्वसाधारण मापदंड आहे; म्हणजे 6 बाय 4 इंचांच्या फोटोसाठी प्रतिमा किमान 1800 बाय 1200 पिक्सेलची हवी. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेले फोटो बरेचदा आक्रसलेले असतात, म्हणून मूळ फाइल मागवा. आम्लविरहित कागदाचा अल्बम घ्या, नाहीतर काही वर्षांत पानं पिवळी पडतात. आणि प्रत्येक फोटोखाली नावं, ठिकाण, साल लिहा. साल आठवत नसेल तर आजीलाच विचारा. त्या निमित्ताने ज्या गप्पा होतील त्याच या भेटीचा अर्धा भाग आहेत.

आई-वडील. त्यांच्या बाबतीत एक सावधगिरी: सुधारणा सुचवणारी भेट देऊ नका. वजनकाटा, व्यायामाचं साहित्य, ‘शिस्त कशी लावावी’ छापाचं पुस्तक, हे त्यांनी मागितल्याशिवाय द्यायचं नाही. हेतू कितीही चांगला असला तरी घेणाऱ्याला त्यात तक्रार ऐकू येते. हाच नियम जोडीदाराला आणि भावंडांनाही लागू. तसंच, घरकामाची वस्तू म्हणजे आईची भेट असं धरून चालू नका. ती घराला दिलेली वस्तू आहे. आईचं स्वतःचं काय आहे, तिला एकटीला काय करायला आवडतं, तिथे बघा.

लहान मुलं. इथे सुरक्षितता आधी, हौस नंतर. खोक्यावरचं वय मुलाच्या हुशारीबद्दल नसतं. ‘3 वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यात घशात अडकू शकणारे सुटे भाग असू शकतात. ‘माझी भाची फार चलाख आहे’ म्हणून ती सूचना ओलांडू नका. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या गिळल्या गेल्या तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, म्हणून बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद होतो का ते बघा. ताकदीचे छोटे लोहचुंबक पोटात गेल्यास आतड्याच्या घड्यांना चिमटा बसवतात. ते घरात लहान मूल असताना नकोतच. मोठा आवाज करणारी किंवा खूप जागा व्यापणारी वस्तू घेण्याआधी आई-वडिलांना विचारा. घरात दोन मुलं असतील तर दुसऱ्याच्या हातात काहीतरी छोटं ठेवा. आणि जिवंत प्राणी अचानक भेट म्हणून कधीच देऊ नका. ती वर्षानुवर्षांची जबाबदारी आहे, ती घरच्यांनी ठरवून घ्यायची असते.

किशोरवयीन भाचे-पुतणे: त्यांची आवड महिन्या-महिन्याला बदलते. विचारा, किंवा त्यांना निवडू द्या.

मित्रमैत्रिणी. इथे तुमच्या दोघांच्या सामायिक गोष्टी हाताशी असतात: एकत्र केलेला प्रवास, जुनं हस्ताक्षर, फक्त तुम्हाला दोघांनाच कळणारा शब्द. नुकतं बाळ झालेल्या मैत्रिणीला सगळे बाळाचे कपडे देतात, आणि ते काही आठवड्यांत तोकडे होतात. तिच्यासाठी काहीतरी न्या, किंवा पुढच्या मापाचे कपडे न्या. ज्याच्या घरी दुःख घडलं आहे त्याला वस्तूपेक्षा केलेलं काम हवं असतं: कागदपत्रांसाठी सोबत जाणं, मुलांना शाळेतून आणणं. ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, कारण तो सांगत नाही. ‘गुरुवारी संध्याकाळी मी मुलांना आणतो’ असं म्हणा. दवाखान्यात फुलं न्यायची असतील तर तिथे परवानगी आहे का विचारा. अतिदक्षता विभागात बहुतेक ठिकाणी ती चालत नाहीत. घरात मांजर असेल तर लिलीची फुलं टाळा, कारण ती मांजरांना जीवघेणी ठरू शकतात.

एकाच वेळी पाच-सहा जणांसाठी खरेदी करताना प्रत्येकासाठी वेगळंच काहीतरी शोधण्याचा मोह होतो. मेरी स्टेफेल आणि रॉबिन लेबफ यांनी 2014 मध्ये दाखवलं की या वेगळेपणाच्या नादात माणसं जास्त आवडली असती अशी वस्तू सोडून कमी आवडणारी घेतात. दोन मित्रांना एकच चांगली वस्तू उपयोगी असेल तर दोघांनाही तीच द्या.

सहकाऱ्यांसाठी फार विचार नको. लहान, वापरून संपणारं, खासगी आयुष्यात न डोकावणारं काहीही चालतं.

पायरी 5: वस्तूच हवी का, हे एकदा तपासा

नाटकाची तिकिटं, एखाद्या वर्गाचं शुल्क, दिवसभराची सहल. सिंडी चॅन आणि कॅसी मॉगिल्नर यांच्या 2017 च्या संशोधनात अनुभवाच्या भेटींनी नातं वस्तूंपेक्षा अधिक घट्ट होताना दिसलं, आणि देणारा सोबत नसला तरीही हा फरक राहिला. ज्यांच्या घरात जागा नाही, ज्यांच्याकडे ‘सगळं आहे’, त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम.

पण अनुभव दिला आणि तो कधी घडलाच नाही, असं फार वेळा होतं. ‘कधीतरी जाऊ या’ ही भेट होत नाही. तारीख सुचवा, बदलायची सोय ठेवा, तिकडे जायचं कसं ते बघा, आणि त्या दिवशी मुलांकडे किंवा आजारी माणसाकडे कोण बघणार तेही ठरवून द्या. गर्दीचा त्रास होणाऱ्याला मैफिलीचं तिकीट देऊ नका. पैसे नसतील तर वेळ द्या: वडिलांच्या फोनमधले हजारो फोटो नीट लावून देणं, मित्राला तुम्हाला येणारं वाद्य शिकवणं. कागदावर ‘चार शनिवार सकाळ’ असं लिहून, खाली तारखा घालून द्या आणि त्या पाळा.

पायरी 6: पैसे देण्याआधीची तपासणी

वस्तू पसंत पडली की जरा थांबा. फोनची किंवा संगणकाची जोडवस्तू असेल तर त्यांच्या यंत्राला तोच पोर्ट आहे का? विजेवर चालणारी वस्तू दुसऱ्या देशात जाणार असेल तर तिथलं व्होल्टेज बघा. काही देशांत ते 110 ते 120 आहे, बऱ्याच देशांत 220 ते 240. ती वस्तू चालवायला दरमहा वर्गणी किंवा महागडे सुटे भाग लागतात का? तसं असेल तर तुम्ही भेट देताना त्यांच्यावर एक खर्चही टाकताय. अत्तर, मेकअप, भिंतीवर लावायचं मोठं चित्र या फार व्यक्तिगत आवडीच्या गोष्टी आहेत. नेमकं नाव माहीत असल्याशिवाय घेऊ नका. बदलून मिळण्याची मुदत विचारा, आणि ती भेट देण्याच्या दिवसानंतरही शिल्लक राहील अशा बेताने खरेदी करा. गिफ्ट कार्डाची शेवटची तारीखही बघा.

पायरी 7: चिठ्ठी, मग बांधणी

चिठ्ठी हाताने लिहा. छापील कार्डावरच्या ओळींखाली नुसती सही करू नका. तीन-चार वाक्यं पुरतात, पण त्यांतलं एक तरी फक्त त्याच माणसाला लिहिता येईल असं हवं. ‘मागच्या पावसात तू म्हणाली होतीस की…’ असं सुरू झालेलं वाक्य वाचताना समोरच्याला कळतं की तिचं बोलणं कोणीतरी ऐकलं होतं. माझ्या मते चिठ्ठीशिवायची भेट अर्धीच असते.

किमतीची चिठ्ठी काढा. बॅटरी लागत असेल तर सोबत द्या, चार्ज होणारी वस्तू चार्ज करून ठेवा. बांधणी साधी असली तरी चालते, मात्र वयस्कर माणसाला सोडवता येईल अशी गाठ मारा.

विमानाने जाणार असाल तर तिथे पोहोचल्यावर बांधा, कारण तपासणीत बांधलेला कागद फाडावा लागू शकतो. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते, आणि साधारणपणे 100 वॉट-तासांपर्यंतचीच विनापरवानगी चालते. टपालाने किंवा कुरिअरने पाठवताना अत्तर ज्वालाग्राही द्रव समजलं जातं, आणि लिथियम बॅटरीवरही निर्बंध असतात. पाकीट बंद करण्याआधी विचारून घ्या.

पायरी 8: दिल्यानंतर

देताना ‘बिल आत आहे, बदलून घेतलंस तरी मला चालेल’ असं एकदा मोकळेपणी सांगा आणि विषय सोडा. पुढच्या भेटीत ती वस्तू कुठे दिसते का ते शोधू नका, ‘वापरतेस ना?’ असं विचारू नका. बदलली असेल, दुसऱ्या कोणाला दिली असेल, तर तो त्यांचा हक्क आहे. सर्वांसमोर उघडायचा आग्रहही नको; काहींना एकट्याने उघडायला आवडतं. काय दिलं आणि कधी, ते लिहून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा जाणार नाही. आणि आभार मानताना त्यांनी सहज काही म्हटलं, ‘याच्या जोडीला एक असतं तर’, तर तेही लिहा.